एका जहाजाला एक जीव

ड्रोन इस्माईल परकारांच्या डोक्यावर येऊन थांबलं. माणूस असलेलं जहाज बुडवायचं नाही, एवढं एकच या सामुद्रधुनीत लढणाऱ्या दोन्ही देशांना मान्य होतं. म्हणून आपोआप चालणाऱ्या या मालवाहू जहाजावर कंपनीने परकारांना नुसतं बसवलं होतं. काही कंपन्यांचे गरम केलेले पुतळे पकडले गेल्यापासून ड्रोन नाडी तपासत. भीतीने ती वाढली, तरच तो माणूस.

परकारांची ही एकतिसावी फेरी होती. नाडी साठ.

"चाचा, घाबरा जरा," किनाऱ्यावरून कंपनीचा बेहेरे रेडिओवर म्हणाला.

"होत नाही रे आता."

ड्रोनचा दिवा लाल झाला.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं," बेहेरे म्हणाला. "मागच्या जहाजावर तुमची मुलगी नसरीन बसलीय. गेल्याच आठवड्यात लागली."

परकारांनी गर्रकन मागे वळून पाहिलं. नाडी एकशे तीसवर गेली. ड्रोन उठलं आणि मागच्या जहाजाकडे वळलं.

थोड्या वेळाने बेहेरेचा आवाज पुन्हा आला. "चाचा, तिचीही नाडी साठच आहे. तिला जोडून देतो. ती घाबरेल असं काहीतरी बोला, लवकर."

परकारांनी माईक तोंडाशी धरला. दाभोळच्या खाडीत पोहायला शिकवल्यापासून ते पोरीला एकच सांगत आले होते, दर्याला घाबरायचं नाही.