परदेशातली संकष्टी

"उपासाला डायबेटिसची गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका हं, काकू," घरच्या डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं. तरी व्हिएतनामच्या सहलीत संकष्टीच्या दिवशी कुमुदताई सवयीने गोळी घेऊन नुसत्या पाण्यावर हिंडल्या. दुपारी भर बाजारात भोवळ येऊन पडल्या.

शुद्धीवर आल्या तेव्हा हाताला सलाइन होतं आणि उशाशी तिथल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. आता बोलणी खायची, कुमुदताईंना वाटलं.

"उपासाला काय चालतं, विचारतायत," टूर मॅनेजर म्हणाला.

"केळं चालतं."

डॉक्टरीणबाईंनी स्वतः सोलून भरवलं. "माझी आईही पौर्णिमेला शाकाहार पाळते."

कुमुदताईंनी डोळे पुसले. "उपकार कसे फेडू तुमचे?"

"गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे. तुमच्या देवापुढे तिचं नाव घ्याल? हुओंग."

गुरुवारी पहाटे कुमुदताई घरी पोचल्या. आंघोळ करून, बॅगा न उघडताच, ते नवखं नाव पुटपुटत गणपतीच्या देवळाकडे निघाल्या.