लव्हाळ्याची ओल

"वहिनी, अहो कडकडीत वाळलाय हा लव्हाळा!" निकम म्हणाला. तरी प्रमिलावहिनींनी झाडं दाबून वाळवायच्या लाकडी फळ्यांचे पट्टे सोडले, लव्हाळ्याखालचा वर्तमानपत्राचा कागद काढला आणि कोरडा घातला. सरांनी डोंगरातून आणलेल्या झाडांचे कागद लग्नापासून त्याच रोज बदलायच्या. घरात पेपर आधी झाडांना, उरला तर माणसांना.

गेल्या पावसाळ्यात अभयारण्यातल्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, हा झुबका मुळासकट उपटून सर खाली बसले, ते उठलेच नाहीत. बरोबर गेलेल्या निकमनं, त्यांच्या विद्यार्थ्यानं, त्यांना खाली आणलं आणि पिशवी वहिनींच्या हाती दिली. सुतकातही कागद बदलणं चुकलं नव्हतं.

"आत ओल आहे अजून," वहिनी म्हणाल्या. "बुरशी धरली तर सर मलाच बोलतील."

निकम हळूच म्हणाला, "त्या अभयारण्यात हा लव्हाळा आजवर दुसऱ्या कुणालाच सापडलेला नाही. कॉलेजच्या संग्रहात नमुना नसेल, तर तो तिथं उगवतच नाही असं धरतात. मग सर उगाच चढले म्हणायचे."

"उगाच? शहाणाच आहेस!" वहिनींनी पट्टे करकचून आवळले, फळ्या पदरानं पुसल्या आणि बराच वेळ मांडीवर धरून बसल्या. शेवटी त्याच्या हातात ठेवत म्हणाल्या, "ने. पण एक ऐक. नमुन्याच्या कागदावर, कुणी गोळा केला तिथं, सरांचं नाव घालशील, त्यामागं कैलासवासी लावू नकोस. लव्हाळा उपटला तेव्हा ते होते."