पहिलं पाणी

"पाणी नको म्हणलं नं!" खुशालराव पाटलानं पुंजाराम गवंड्याची बादली लाथेनं उलटवली. "नव्या हौदात पहिलं पाणी साहेबाच्या हातचं. तवरक एक थेंब नाई."

"मालक, सिमिट हाय थे. तान्ह्या लेकरावानी चौदा दिवस पाणी पाजा लागते. नाई त सुकता सुकता आकसते अन् तडकते."

"गवंडी हायेस, सुईण नोको होऊ."

पारावरचे हसले. पुंजारामनं उलटी बादली उचलली. चाळीस हात खोल विहिरीचा दोर ओढून ओढून गावातल्या बायकांचे तळहात सोलले होते. मोटेनं भरणारा हा हौद म्हणजे त्यांची सुटका.

वर वैशाखाचं ऊन, खाली उघडं सिमिट. पाचव्या दिवशी केसासारखी रेघ उमटली. दहाव्या दिवशी तीत बाभळीचा काटा मावू लागला. पाटलानं वरून चुन्याचा हात मारून घेतला, आंब्याच्या पानांची तोरणं बांधली. मढ्याला बाशिंग बांधावं तसं.

विसाव्या दिवशी अमरावतीहून मोटारीनं गोरा साहेब आला. चांदीच्या गडव्यातलं पाणी त्यानं हौदात सोडलं. वाजंत्री वाजली. मागून मोटेचं पाणी आलं. हौद गुडघाभर भरला नाही तोच भिंतीवरचा चुना ओघळला आणि तड्यातड्यांतून धारा लागल्या. साहेबाचे बूट चिखलात. माळ्याची मनकर्णाबाई रिकामी घागर काखेत धरून बघतच राहिली.

"याचा हातच खोटा हाय, साहेब," पाटील म्हणाला.

पुंजाराम पचकन थुंकला. मग त्यानं मागच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं गुरांचा हौद होता. त्याच सिमिटाचा, त्याच दिवशी बांधलेला. कालच काठोकाठ भरलेला. दोन म्हशी त्यात तोंड बुडवून संथ पीत होत्या.

"थो बी याच हाताचा हाय, मालक. त्याचं पाणी तुमी तोडलं नव्हतं. मी अन् माह्या बायकोनं चौदा दिवस त्याले ओली पोती पांघरली."

त्या हौदाला एक तडा नव्हता. पाटलानं डोळे भरून तो पाहिला आणि कडाडला, "पायता काय रे? हाकला त्या म्हशी! पाणी उष्टं करून राहिल्या!"

म्हशी हाकलल्या गेल्या. मनकर्णाबाईनं लगबगीनं घागर पुढं केली.

"थांब वं बाई," पाटील म्हणाला. "पहिलं पाणी माह्या वाड्यावर जाईन."