एकच चूल

मागच्या अंगणातली खोली आईसाठीच बांधली होती. नियम असा, की एका प्लॉटवर एकच घर. खोल्या हव्या तेवढ्या वाढवा, पण मागे वेगळा स्वयंपाक होत असेल तर ते दुसरं घर धरतात आणि पाडायला लावतात. कोणीतरी तक्रार केली आणि तपासणीची नोटीस येऊन धडकली.

"आई, साहेब तुलाच विचारतील. आपण सगळे एकत्रच जेवतो, असं सांग हं," मुलगा म्हणाला.

"एवढंच ना? सांगते की!" आईने आपली शेगडी आणि दोन पातेली जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली.

साहेब आले. मागची खोली पाहून पुढच्या घरात बसले. आई बोलायला लागली ती थांबेचना. "मी रोज इथेच जेवते हो! सून आग्रह करकरून वाढते. नात तर माझ्याशिवाय पानावर बसत नाही." सून खाली मान घालून ऐकत होती.

साहेबांनी हसून फाइल मिटली. "नशीबवान आहात, आजी. जरा पाणी द्या, मग निघतो."

आई लगबगीने स्वयंपाकघरात गेली. तिने एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग ओट्याखालचं.


पेले कुठे असतात, ते तिला ठाऊकच नव्हतं.