मालक कसा आहे?

“ड्रायव्हर, तुमची पंगत मागं, टेम्पोपाशी,” नवरीकडच्या कारभाऱ्याने सांगितलं, तेव्हा बळवंतराव आपल्या लांबलचक काळ्या गाडीवरचे हार नीट करत होते.

दिवाळीत ही गाडी घेतली, ती बायकोला घेऊन ऐटीत गोव्याला जायचं म्हणून. पण एवढी आलिशान गाडी गावात दुसऱ्या कुणाची नव्हती. “काका, नवरदेव तुमच्याच गाडीतून येणार हं!” असं आधी पुतण्या म्हणाला, मग शेजारी, मग सगळी भावकी. नाही म्हणायला बळवंतरावांची जीभ रेटेना, आणि गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला मन धजेना. लग्नसराई सरत आली, गोवा राहूनच गेला.

“अहो, गाडी माझीच आहे,” हे ओठांवर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं. भरल्या मांडवात वरपक्षाचं हसं कशाला!

टेम्पोपाशी एका ड्रायव्हरने सरकून त्यांना जागा दिली. “गाडी झकास आहे. मालक कसा आहे?”

बळवंतराव पानातली जिलेबी मोडत राहिले.

“माणूस चांगला आहे हो. पण त्याला कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि मरण माझं होतं.”