गिरणीवरची चौकशी

तो माणूस गल्लीतून दुसऱ्यांदा गेला, तेव्हा लंकाबाईनं गिरणी बंद केली.

पहिल्यांदाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. पाहुणा असता तर घर विचारलं असतं, काही विकणारा असता तर बेल वाजवली असती. हा बाबा मोटारसायकल कोपऱ्यावर लावून चालत आला, आणि समोरच्या सावळीरामच्या कुलूपबंद दाराकडे बघत उभा राहिला.

"आला वाटतं दिंडोरीवाला," ती स्वतःशीच म्हणाली आणि पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं.

सावळीरामची संजना पोलीस भरतीसाठी जिवाचं रान करत होती. दोन वर्षं पहाटे उठून धावली. गोळाफेकीला गोळा नव्हता, तर गिरणीतलं पाच किलोचं वजन फेकून सराव केला. त्यात लंकाबाईच्या ओट्याची फरशी फुटली, पण ती एका शब्दानं बोलली नाही. मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव आलं. मेडिकल झालं, ठाण्यात जाऊन बोटांचे ठसेही देऊन आली. आता नुसती ऑर्डर यायची राहिली होती.

आणि नेमकं तेव्हाच तिच्या मामानं, नवनाथनं, दिंडोरीचं स्थळ आणलं. द्राक्षबाग, बंगला, एकुलता एक मुलगा. सावळीराम असा हुरळला की विचारू नका. "त्यांचा होकार आला की लग्नाचा बार उडवून देतो. नोकरीबिकरी बास झाली," म्हणाला.

संजना गिरणीत येऊन रडली होती. "मावशी, ते लोक आधी गल्लीत गुपचूप चौकशी करतील. तुझ्याकडेच येतील बघ. असं काहीतरी सांग, की पुन्हा इकडं फिरकायला नकोत."

"तू डोळे पूस आधी. असा पळवते, का दिंडोरी येईपर्यंत मागं बघायचा नाय."

लंकाबाईला मूलबाळ नव्हतं. या पोरीला खाकी वर्दीत बघायचं, एवढी एकच आस तिनं उराशी धरली होती.

माणूस गिरणीच्या पायरीशी आला. केस बारीक कापलेले, शर्ट कडक इस्त्रीचा. शेतकरी वाटत नव्हता. नात्यातला कुणी नोकरदार असणार, लंकाबाईनं ताडलं. असल्या कामाला लोक घरातला हुशार माणूसच धाडतात.

"मावशी, जरा पाणी मिळेल?"

तिनं तांब्या दिला. तो घोट घोट प्याला. नजर मात्र समोरच्या दारावरच.

"ही समोरची मुलगी, संजना. ओळखता?"

"तुम्ही कोण?"

तो हसला. "ते राहू द्या. ओळख सांगितली की लोक गोडगोड बोलतात. मला खरं काय ते पाहिजे."

बघा, किती आतल्या गाठीचा! लंकाबाईनं मनातल्या मनात कंबर कसली.

"वळखते की. डोळ्यासमोर वाढली."

"मग वागायला कशी आहे?"

आता खरी पंचाईत झाली. पोरांबरोबर फिरते म्हणावं, तर एका वाक्यात काम फत्ते. पण पोरीच्या अब्रूवर बोलायला लंकाबाईची जीभ रेटेना. उद्या तेच गावभर झालं तर? त्यापेक्षा भांडकुदळ म्हटलेलं बरं. भांडकुदळ सून कुणाला हवी असते? आणि पोलिसात जाणाऱ्या पोरीला त्यानं काय फरक पडतो?

"काय सांगू भाऊ," ती आवाज खाली आणून म्हणाली. "लय तापट. हात उचलायला मागं-पुढं बघत नाय."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी एका पोराचं डोकं फोडलं. रक्तानं न्हाला नुसता."

खरं तर छेड काढणाऱ्या एका टवाळाला संजनानं एक थोबाडीत दिली होती. सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

माणसाच्या कपाळाला आठी पडली. "केस झाली नाही?"

"व्हायचीच होती. बापानं पाय धरले, पैसे चारले, मिटवलं. पोरगं गाव सोडून गेलं, कुठं गेलं कुणाला ठावं नाय."

"आणि आता? सुधारली?"

"कुठली! परवा आईच्या अंगावर धावली. मधी पडायला गेले तर मलाच म्हणली, तुझी गिरणी पेटवून देईन." बोलता बोलता तिला चांगलाच चेव चढला होता. "हे बघा, माझं नाव कुठं घेऊ नका. शेजारात राहायचंय मला."

"नाही घेणार." त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला. "मुलगी गुणाची वाटली होती मला. बरं झालं, वेळेवर कळलं."

तो कोपऱ्यावर गेला, गाडीला किक मारली आणि मागं न बघता निघून गेला.

लंकाबाईनं तांब्या विसळून ठेवला. असल्या सोन्यासारख्या पोरीबद्दल काय काय बोलले मी! पण मग हसूही आलं. बसा आता दिंडोरीत द्राक्षं मोजत! तिनं गिरणी सुरू केली, आणि संजना कधी येते अन् कधी तिला सगळं सांगते असं लंकाबाईला झालं.

संजना संध्याकाळी आली ती धावतच. लंकाबाई तोंड उघडणार, तोच पोरीनं तिच्या गळ्यात हात टाकले.

"मावशी, दिंडोरीवाले रविवारी येणारेत. पण त्यांचं सोड! बाबांना आत्ता ठाण्यातून फोन आला. साहेबांनी उद्या सकाळी आम्हाला बोलावलंय. आज त्यांचा माणूस येऊन गेला म्हणे चौकशीला, साध्या कपड्यात. घराला कुलूप होतं, म्हणून समोर गिरणीत विचारलं. माझा तर जीव टांगणीला लागला होता गं, कोण काय सांगेल म्हणून. बरं झालं, तुलाच विचारलं!"