दोन बोटं कमी

"अहो, त्यांना कुणीतरी सांगा हो!" बुवांनी झांजा थांबवल्या. वाईच्या घाटावर कीर्तन ऐन रंगात होतं, आणि समोर बसलेलं स्वीडिश जोडपं नाटकाला वाजवाव्यात तशा वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होतं.

पाच वर्षांच्या रेवूला दत्तक घेऊन दोघं परवा विमानाने निघणार होती. आज वाई दाखवायला संस्थेच्या कुसुमताईंनी त्यांना आणलं होतं. "सकाळपासून फिरतोय, पण पोरीने त्यांचं बोट एकदाही धरलं नाही," ताई शेजारी बसलेल्या माझ्या कानात म्हणाल्या. "नुसती माझ्या पदराआड. कसं व्हायचं हो हिचं?"

बुवांनी कथा पुढे नेली. खोडकर कृष्णाला यशोदा उखळाला बांधायला गेली, तर दोरी दोन बोटं कमी! दुसरी जोडली, तरी दोन बोटं कमी!

नव्या आईने पुन्हा जोरात टाळ्या वाजवल्या.

रेवू ताडकन उठली. "अगं, दोरी पुरली नाही अजून!" म्हणत तिच्या मांडीत जाऊन बसली आणि तिचे दोन्ही हात गच्च धरले. "गजराला वाजवायच्या. मी सांगते तेव्हा."

बुवा हे बघत होते. "माय दमली, की देव आपणहून बांधून घेतो बरं!" म्हणाले आणि त्यांनी विठ्ठलनामाचा गजर धरला. रेवूने त्या हातांकडून बिनचूक टाळी वाजवून घेतली.

आरती झाली, प्रसाद झाला. "आता सोड की तिचे हात," डोळे पुसत कुसुमताई म्हणाल्या.

"नको," रेवू म्हणाली, "हिचा काय भरवसा? विमानातसुद्धा वाजवेल."